बोराएवढे फळ, पुरुषभर वेल: चेरी टोमॅटोची लागवड

चेरी टोमॅटोचे फळ लहान असते, म्हणून झाडही लहानच असेल असे बहुतेक जण गृहीत धरतात आणि पुढच्या निम्म्या अडचणी या एका समजुतीतून उभ्या राहतात. मीही पहिले रोप टेबलावर शोभेल अशा वीतभर कुंडीत लावले होते. महिनाभर ते दृष्ट लागण्यासारखे वाढले. त्यानंतर सकाळी पाणी घातले तरी दुपारी माना टाकू लागले. शेवटी कुंडी पालथी केली तेव्हा माती जवळपास दिसतच नव्हती, कुंडीच्या आकाराचा पांढऱ्या मुळांचा घट्ट गोळा तेवढा हातात आला. चेरी टोमॅटोच्या बऱ्याच वाणांची वेल मोठ्या फळांच्या टोमॅटोइतकीच, किंबहुना कधीकधी अधिक जोमाने वाढते. कुंडी केवढी घ्यावी, आधार किती उंच असावा, पाणी किती द्यावे, हे सारे या वेलीच्या मापाने ठरवावे लागते.

वाण निवडताना

बियाण्याच्या पाकिटावर रंग आणि गोडी यांच्याआधी वाढीचा प्रकार पाहावा. अमर्याद वाढीच्या वाणांचा शेंडा हंगाम संपेपर्यंत वाढत राहतो, वेल सहज दोन मीटरपर्यंत जाते आणि फळे टप्प्याटप्प्याने बरेच आठवडे मिळतात; ‘सनगोल्ड’, ‘स्वीट मिलियन’, ‘ब्लॅक चेरी’ हे वाण या प्रकारचे आहेत. मर्यादित वाढीच्या, म्हणजे झुडपी वाणांची उंची एका टप्प्यावर थांबते आणि फळेही थोड्या काळात एकदम येतात. ‘टायनी टिम’ तर जेमतेम ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा राहतो आणि ‘टंबलिंग टॉम’ टांगत्या कुंडीच्या काठावरून खाली लोंबतो. ज्यांच्याकडे फक्त खिडकीचा कठडा आहे त्यांनी हे बुटके वाणच घ्यावेत. मोठी वेल छाटून छाटून लहान ठेवण्याचा खटाटोप मी करून पाहिला आहे. त्यात झाडाचीही दमछाक होते आणि माळ्याचीही.

जागा मात्र सगळ्यांना सारखीच लागते: दिवसातून किमान सहा आणि शक्यतो आठ तास थेट ऊन. कमी उन्हात झाड हिरवेगार दिसते, उंचही होते, पण फुले विरळ येतात आणि फळांना गोडी येत नाही.

बी पेरण्यापासून रोप लावण्यापर्यंत

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. माती २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानाची आणि ओलसर असेल, तर पाच ते दहा दिवसांत कोंब वर येतात. कोंब दिसताच ट्रे भरपूर उजेडात हलवावा, कारण अंधारात राहिलेली रोपे दोन दिवसांतच लांब, फिकट आणि लुळी होतात. पाणी बेताने द्यावे. सतत चिंब मातीत बुरशी वाढते आणि कालपर्यंत ताठ असलेली रोपे मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. चार ते सहा आठवड्यांत रोप वीतभर होते. ते घरात वाढवलेले असेल तर एकदम कडक उन्हात न नेता आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्याला उन्हावाऱ्याची सवय लावावी, अन्यथा पानांवर पांढरट, भाजल्यासारखे डाग पडतात.

अमर्याद वाढीच्या एका वेलीला किमान २० लिटरची आणि ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी किंवा पिशवी हवी. बुटक्या वाणाला आठ ते दहा लिटर पुरतात. एका कुंडीत एकच रोप लावावे. दोन लावल्याने उत्पन्न दुप्पट होत नाही, तहान मात्र दुप्पट होते. कुंडीत नुसती बागेतली माती भरली तर ती काही पाण्यांतच दबून घट्ट होते. चांगली माती, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हे तिन्ही साधारण समप्रमाणात मिसळले की भुसभुशीत, पाणी धरणारे आणि तरीही निचरा होणारे मिश्रण तयार होते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते आधी दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन घ्यावे. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज फार रुळलेला असला तरी चुकीचा आहे: बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते त्या थराच्या वरच अडून राहते, त्यामुळे मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर जागा उलट कमी होते. तळाला पुरेशी भोके असणे एवढेच आवश्यक आहे. जमिनीत लावायचे असेल तर दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि अलीकडच्या दोन-तीन वर्षांत बटाटा, वांगे, मिरची किंवा टोमॅटो घेतलेली जागा टाळावी, कारण या एकाच कुळातल्या पिकांचे बरेचसे रोग सामाईक आहेत.

लावताना रोप खोल लावावे. एरवी बहुतेक रोपांचे खोड मातीत गाडणे घातक ठरते, परंतु टोमॅटोच्या खोडाचा जो भाग मातीखाली जातो त्यातून नवी मुळे फुटतात. म्हणून खालची पाने काढून टाकून वरच्या तीन-चार पानांपर्यंतचे खोड निःशंकपणे मातीत घालावे. लांबुळके, लुळे झालेले रोपही या उपायाने सावरते.

आधार आणि बगलफूट

काठी लावण्याची वेळ म्हणजे रोप लावण्याचाच दिवस. महिनाभराने खोचलेली काठी मुळे तोडत खाली जाते. पुरुषभर उंचीची बांबूची काठी पुरेशी होते. किंवा वरून सोडलेल्या सुतळीभोवती शेंडा आठवड्यातून एकदा अलगद गुंडाळत न्यावा. बांधताना खोड आणि काठी यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास ठेवावा, कारण आज पेन्सिलीएवढे असलेले खोड पुढे अंगठ्याएवढे होते आणि आवळून बांधलेली दोरी त्यात रुतते.

पान जिथे खोडाला मिळते त्या बेचक्यातून एक नवा कोंब तिरपा वर येतो, हीच बगलफूट. अमर्याद वाढीच्या वेलीवर अशी प्रत्येक फूट ठेवली तर तिचे एक नवे खोड होते, त्यालाही पुन्हा फुटवे येतात, आणि दोन महिन्यांत हवा खेळू न देणारी गुंतागुंत तयार होते. कुंडीतल्या वेलीवर मुख्य खोड आणि पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालची एक जोमदार फूट, अशी दोनच खोडे ठेवावीत. बाकीच्या फुटी बोटभर लांबीच्या असतानाच सकाळी चिमटीत धरून बाजूला वाकवाव्यात. कोवळी फूट कट्कन मोडते आणि जखम दिवसभरात सुकते. या कामानंतर बोटांना हिरवट काळपट थर चढतो आणि हात धुताना साबणाचा फेस पिवळा होतो. तंबाखू हाताळली असेल तर मात्र हे काम करण्याआधी हात धुवावेत, कारण तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू हातांमार्फत टोमॅटोलाही लागू शकतो. झुडपी वाणांची बगलफूट काढू नये. त्यांची बरीचशी फळे त्याच फांद्यांवर येतात. काढलेली एखादी धडधाकट फूट पाण्यात ठेवली तर आठ-दहा दिवसांत तिला मुळे येतात आणि फुकटात दुसरे रोप मिळते.

पाणी: थोडक्यात सांगता न येणारी गोष्ट

‘रोज एक तांब्या’ अशा ठरीव मापाने चेरी टोमॅटोला पाणी देता येत नाही. लहान रोपाला ते जास्त होते आणि फळांनी लगडलेल्या वेलीला उन्हाच्या दिवसांत दोनदा दिले तरी अपुरे पडते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे; तिथेही कोरडे लागले तर पाणी द्यावे आणि तळाच्या भोकांतून थोडे बाहेर येईपर्यंत द्यावे. कुंडी उचलण्याजोगी असेल तर तिचे वजन हाताला आठवड्याभरात कळू लागते, आणि मग बोट घालण्याचीही गरज राहत नाही. दुपारच्या उन्हात पाने किंचित मलूल होणे स्वाभाविक आहे. सकाळीही ती मलूलच दिसली तर झाड खरोखर तहानलेले आहे किंवा मुळांशी काही बिघडले आहे असे समजावे.

नियमितपणाला एवढे महत्त्व देण्याचे कारण फळाच्या सालीत आहे. चेरी टोमॅटोची साल पातळ असते. दोन-तीन दिवस कोरडी राहिलेली माती एकदम भिजली की फळाच्या आत पाणी वेगाने शिरते, साल तेवढ्या वेगाने ताणत नाही आणि पिकत आलेले फळ देठापासून तडकते. ‘सनगोल्ड’ अतिशय गोड असूनही या दोषासाठी प्रसिद्ध आहे. जोरदार पावसाचा अंदाज दिसताच त्याची पिकत आलेली फळे आधीच उतरवून घ्यावीत. फळाचे खालचे टोक काळे पडून चामड्यासारखे होते, त्यामागेही पुष्कळदा पाण्याचीच हेळसांड असते: कॅल्शियम मातीत असते, परंतु ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते आणि पाण्यात खंड पडला की पुरवठा तुटतो. चेरी वाणांत हा विकार तुलनेने कमी दिसतो. मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा पेंढ्याचे पाच सेंटिमीटर आच्छादन घातल्याने ओल टिकते आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. पाणी नेहमी बुडाशी द्यावे, पानांवर नव्हे.

खत, फुले आणि उन्हाळा

पहिली फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत मिश्रणातले कंपोस्ट पुरते. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी पोटॅश अधिक असलेले द्रवखत पाकिटावरील प्रमाणात द्यावे. झाड गर्द हिरवे, पाने मोठी, खोड जाड आणि फूल मात्र एकही नाही, असे दृश्य दिसले तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झाले आहे. अशा वेळी आणखी खत घालणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो.

टोमॅटोचे फूल स्वतःचेच परागीभवन करते, पण पराग सुटण्यासाठी त्याला हादरा लागतो. बाहेर हे काम वारा आणि भुंगे करतात. बंदिस्त गच्चीत किंवा घरात भर दुपारच्या आधी फुलोऱ्याच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी. काळा कागद खाली धरला तर त्यावर पिवळी पूड पडलेली दिसते. दिवसाचे तापमान सातत्याने ३२ ते ३५ अंशांच्या वर किंवा रात्रीचे १३ अंशांच्या खाली राहिले तर फुले गळतात. यावर औषध नाही. कडक उन्हात दुपारपुरती शेडनेटची सावली करावी आणि हवामान निवळण्याची वाट पाहावी.

रोगकिडींपैकी दोनांवर विशेष लक्ष ठेवावे. जुन्या, खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी डाग हे करप्याचे लक्षण आहे. अशी पाने लगेच तोडून कंपोस्टऐवजी कचऱ्यात टाकावीत आणि वेल मोठी झाल्यावर जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची सारी पाने काढून टाकावीत. पानाखाली दडणारी पांढरी माशी रस तर शोषतेच, शिवाय पाने आकसवणारा विषाणूही पसरवते. तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत आणि संध्याकाळी कडुनिंबाचे तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या सौम्य साबणासह, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. विषाणूने पूर्ण आकसलेले झाड बरे होत नाही. ते उपटून टाकणेच शहाणपणाचे असते.

काढणी

रोप लावल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत पहिला घोस रंगू लागतो. घोसातली फळे देठाकडून टोकाकडे क्रमाने पिकतात, म्हणून एकेक फळ हिरव्या टोपीसह खुडावे. पूर्ण रंग आल्यावरही एखादा दिवस थांबले तर गोडी वाढते. उष्णता ३० अंशांच्या पुढे गेली की लाल रंग नीट चढत नाही आणि फळ नारिंगीच राहते. अशी फळे रंग दिसू लागताच उतरवून घरात सावलीत पिकवावीत. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण १२ अंशांखालच्या थंडीत स्वाद उतरतो.

पुढील हंगामासाठी बी धरायचे असल्यास वाण संकरित नाही याची खात्री करावी; ‘सनगोल्ड’सारख्या संकरित वाणाच्या बियांतून तीच चव परत मिळत नाही. पिकलेल्या फळाचा गर बियांसह दोन-तीन दिवस वाटीत आंबवावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग त्या धुऊन, काचेच्या ताटलीवर सावलीत सुकवून, कागदी पाकिटात वाण आणि वर्ष लिहून ठेवाव्यात.