मांस निर्यातीवर बोलायचंय? सुरुवात भाकड म्हशीपासून करा

आमच्या कोल्हापूरकडं घरोघरी म्हशी. म्हणून मांस निर्यात चालू ठेवावी की बंद करावी, या वादात उतरण्याआधी काय तपासावं, ते सांगतो.

आधी परदेशी नेमकं काय जातं ते बघा. गाय, बैल, वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला भारतात बंदी आहे. जातं ते म्हशीचं, हाडं काढून गोठवलेलं मांस. देशवार आकडे अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. 2023-24 मध्ये ही निर्यात सुमारे 3.7 अब्ज डॉलरची होती. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त ही मोठी गिऱ्हाइकं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीच्या नाही. हे एकात एक कालवू नका.

मग गोठ्याचा हिशेब मांडा. म्हैस आटली, पुन्हा गाभण राहीना, तरी वैरण, पेंड, औषधपाणी चालूच. ती विकून आलेल्या पैशांत भर घालूनच दुसरी दुभती दावणीला येते. हा पैसा बंद झाला तर भाकड जनावर कोण सांभाळणार, हे विरोध करणाऱ्याला थेट विचारा.

समर्थकालाही सोडू नका. दूध विकायचं म्हणून रेडकाला उपाशी का ठेवतात? जनावरांच्या वाहतुकीचे नियम 1978 पासून आहेत, तरी टेम्पोत ती दाटीवाटीनं का कोंबतात? मला स्वतःला निर्यात चालू राहावी असं वाटतं, पण हे हाल बघवत नाहीत. गाडी भरतानाच तपासणी झाली पाहिजे, आणि त्याचा खर्च निर्यातदारानं उचलावा.

शेवटी जवळच्या जनावरांच्या बाजारात जा. भाकड म्हशीचा भाव विकणाऱ्याला विचारा, व्यापाऱ्यालाही विचारा, आणि दोन्ही लिहून घ्या.