चटणी म्हणायचं की मसाला?

आमच्या कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला कुणी मसाला म्हणत नाही. ती चटणी. "यंदाची चटणी झाली का?" हा उन्हाळ्यातला ठरलेला प्रश्न. मी घरून विकायला लागले तेव्हा सगळीकडे तसंच लिहिलं. मग पुण्याहून एका ताईंचा फोन आला, "शेंगदाण्याची आहे की लसणाची?" त्यांना वाटलं, भाकरीवर घेतात ती. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून पहिलं काम शब्दांचं. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरचं आपल्या धंद्याचं पान, फुकट आहे, तिथे लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत पोचले ते दिसतं. महिन्यातून एकदा ती यादी बघा आणि त्यांचेच शब्द वर्णनात घाला. मी आता दोन्ही लिहिते. घरून धंदा असेल आणि गिऱ्हाईक दारात येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त माल कुठे पोचवता तो भाग दाखवता येतो. रिव्ह्यू पहिल्या ऑर्डरला मागू नका. दुसऱ्यांदा मागवणारं माणूस मनापासून लिहितं.

फोटोंचं सांगते. पाकिटाचे फोटो मी वर्षभर इन्स्टाग्रामवर टाकले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा डंकावर कुटून आणलेली ताजी चटणी परातीत ओतताना सहज व्हिडिओ काढला. पुढचा स्वयंपाकघरात: गरम तेलात चमचाभर चटणी, चर्रर्र आवाज, वर येणारा लाल कट. मागे गाणं लावलं नाही, आवाजच राहू दिला. खाली एवढंच लिहिलं, "रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी." त्यावर पहिल्यांदा लोकांनी भाव विचारला.

भाव विचारला की ऑर्डर मिळतेच असं नाही, पण लाइकपेक्षा ते बरं. एका ओळखीच्याच्या सांगण्यावरून मी पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला, तीन हजार घातले होते. लाइक धो धो, ऑर्डर एक नाही. चूक माझीच: अख्खा महाराष्ट्र निवडला होता. आता जाहिरातीचा उद्देश 'मेसेज' ठेवते, म्हणजे बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं. भाग फक्त पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी, कारण आमच्याकडची पोरं नोकरीला तिकडेच. दिवसाला शंभर-दीडशे रुपये, आठवडाभर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फोटो आणि मजकूर दोन्ही बदललं की कशानं फरक पडला ते कळतच नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये एक खोच आहे. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. मला हे कळायला दोन हंगाम गेले! आता ऑर्डर घेतानाच सांगते, "ताई, नंबर सेव्ह करा, नवी चटणी झाली की कळवते." लेबल लावून गिऱ्हाइकं वेगळी केलीत: वर्षाची घेणारे आणि पाव किलोवाले. पहिल्यांना गुढीपाडव्याच्या आधी एकच मेसेज. दुसऱ्यांची संपत आली असेल तेव्हा एकेकाला, नावानं. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नका, लोक म्यूट करतात.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "आमचं कुठून कळलं?" आणि उत्तर लिहून ठेवायचं. इन्स्टाग्राम, गुगल, जाहिरात, असे रकाने मी आखले होते. दोन महिन्यांनी बघते तर सगळ्यात भरलेला रकाना मी आखलाच नव्हता, समासात लिहिला होता: शेजारीण. चिंचवडच्या एका काकूंनी एकट्यांनी चार घरं जोडून दिली होती.

तेव्हापासून जाहिरातीतले थोडे पैसे काढून प्रत्येक पार्सलमध्ये पन्नास ग्रॅमची एक पुडी जादा टाकते. वर माझ्या व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड, आणि पेनानं दोन शब्द: 'शेजारणीला द्या.'