स्वस्त क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा: या कामात येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं लक्ष आधी रॉकेटकडे जातं. मोटर स्वस्त करू, सीकर (लक्ष्य शोधणारा पुढचा सेन्सर) स्वस्त करू, की झालं! गायडन्स सिम्युलेशनमध्ये (क्षेपणास्त्र लक्ष्याकडे कसं वळतं ते संगणकावर तपासण्यात) बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: एक इंटरसेप्टर (येणारं क्षेपणास्त्र हवेत पाडणारं क्षेपणास्त्र) कितीला पडतो ते विचारू नका, एक लक्ष्य पाडायला किती खर्च आला ते विचारा.

हिशेब सोपा आहे. एका इंटरसेप्टरने लक्ष्य पाडण्याची शक्यता ०.७ धरा. दोन सोडले तर ती ०.९१ होते, तीन सोडले तर ०.९७. एकाचीच शक्यता ०.९ वर नेली, तर दोनातच ०.९९. तिसरा वाचला, आणि असा एकेक लाखो डॉलरचा असतो. (रडारनेच जागा चुकीची दाखवली तर मात्र सगळे एकदमच चुकतात, हे गणित तिथे कोसळतं.)

म्हणून सुरुवात ट्रॅकिंगपासून करा: संभाव्यता, कालमन फिल्टर (चुका असलेल्या मोजमापांतून लक्ष्याची जागा आणि वेग यांचा अंदाज काढण्याची पद्धत), मग प्रपोर्शनल नॅव्हिगेशन (लक्ष्याकडची दृष्टिरेषा जितक्या वेगाने फिरते, त्या प्रमाणात वळण्याचा नियम). हिट-टु-किलमध्ये थेट धडक द्यायची असते. समोरासमोरचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर असेल, तर एका मिलिसेकंदाच्या चुकीत ३ मीटर गेले.

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये काय झालं, ते कागदावर मांडून बघाच. पॅट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीची यंत्रणा १०० तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजायचं, आणि ०.१ ही संख्या बायनरीत पुरती बसत नाही, २४ बिटांत कापली गेली की दर मोजणीला किंचित चूक उरते. ती साचत साचत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्यात स्कड (इराकने डागलेलं क्षेपणास्त्र) अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, म्हणून पॅट्रियटने ते चुकीच्या जागी शोधलं आणि पाडलंच नाही. २८ अमेरिकी सैनिक मारले गेले.

सुटे भाग स्वस्त घ्या, तपासणीत मात्र हात आखडू नका. थाड या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीच्या पहिल्या सहा इंटरसेप्ट चाचण्या फसल्या, पहिलं यश जून १९९९ मध्ये आलं. उड्डाणात सापडणारा दोष सगळ्यात महाग पडतो. खरा सीकर टेबलावर ठेवून त्याला खोटं लक्ष्य दाखवणारी हार्डवेअर-इन-द-लूप चाचणी जिथे करायला मिळेल, ती नोकरी आधी घ्या, पगार थोडा कमी असला तरी.

इथलं काम गोपनीय असतं, बाहेर दाखवता येत नाही. त्यामुळे मुलाखतीला स्वतः लिहिलेलं छोटं सिम्युलेशन घेऊन जा. त्यात रडारचा नॉइज (मोजमापातली इकडेतिकडे होणारी चूक) किती धरला आणि का, हे सांगता आलं पाहिजे. मी तरी पहिल्यांदा तेच विचारतो.