कामाच्या दिवशीही चांगल्या हवेचा आनंद कसा घ्यावा

मंगळवारी खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि मंद वारा असतो, आपण मात्र मीटिंगमध्ये अडकलेलो. शनिवार उजाडला की आभाळ गच्च भरून येतं. हवेला आपल्या सुट्ट्यांचं वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं. तेव्हा सुट्टीची वाट बघत बसण्यापेक्षा कामाच्या दिवसातूनच एखादा तास काढावा. तो असा काढता येतो.

१. आदल्या रात्री ताशी अंदाज बघा
'उद्या ऊन' एवढं वाचून भागत नाही, किती ते किती हे कळायला हवं. दहा दिवसांपुढचा अंदाज मनोरंजनापुरता ठीक. उद्याचा मात्र बऱ्यापैकी भरवशाचा असतो. आणि 'पावसाची शक्यता ३० टक्के' वाचून बेत रद्द करू नका. निम्मी सकाळ भिजणार असा त्याचा अर्थ नाही. त्या वेळात पाऊस पडण्याची शक्यता दहात तीन, म्हणजे न पडण्याची दहात सात.

२. कामांची विभागणी करा
सगळं यावरच अवलंबून आहे, म्हणून इथे दहा मिनिटं खुशाल घालवा. कागदावर तीन रकाने पाडा : डोळ्यांची कामं, कानांची कामं, डोक्याची कामं. तक्ते भरणं, मेल लिहिणं पहिल्यात. ज्या कॉलवर आपण नुसतं 'हो, बरोबर' म्हणतो, ते दुसऱ्यात. उद्याच्या सादरीकरणाची सुरुवात कशी करावी, हे तिसऱ्यात. दुसरा आणि तिसरा रकाना चालता चालता उरकता येतो. माझ्या यादीत अशी दोन-तीन कामं हमखास निघतात. एरवी तीही मी खुर्चीतच बसून करत असे, केवळ सवयीने. फक्त गोपनीय बोलणं रस्त्यावर नको, आणि रस्ता ओलांडताना कॉल थांबवा.

३. वेळ निवडा
जमलं तर सकाळ गाठा. ऑफिसात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो कित्येक हजार लक्स भरतो, भर उन्हात १ लाखाच्या आसपास. सकाळच्या या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप सुधारायला मदत होते. दुपारीच सवड मिळणार असेल, तर यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातले अतिनील किरण किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा, बघा. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर टोपी, सनस्क्रीन आणि सावलीचा रस्ता.

४. परवानगी नको, वेळ सांगा
'जरा बाहेर जाऊन येऊ का?' या प्रश्नाला 'आज नको' हे उत्तर फार सोपं असतं. त्याऐवजी 'साडेबारा ते सव्वा मी जागेवर नाही, दीडपर्यंत फाइल पाठवतो' असं सांगा आणि कॅलेंडरमध्ये तेवढा वेळ अडवून ठेवा. लोकांची तक्रार आपण जागेवर नसण्याबद्दल क्वचितच असते. उत्तर कधी मिळेल हे न कळल्याची असते. अर्थात दीड म्हणजे दीड.

पाळीचं काम किंवा दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्यांना हे जमणार नाही. त्यांनी बसमधून एक थांबा आधी उतरावं, चहाची सुट्टी दाराबाहेर उभं राहून घ्यावी. खिडकीतलं ऊनही वाईट नाही, पण ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे त्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही.

५. लॅपटॉप आतच ठेवा
बागेत बसून काम करणारी माणसं फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात उन्हात स्क्रीनचा आरसा होतो, आणि काम आणि ऊन दोन्ही हातचं जातं. नाइलाजच असेल तर सावलीत बसा, पाठीमागे भिंत किंवा झाडी असू द्या आणि गडद कपडे घाला. पांढरा शर्ट स्क्रीनवर हमखास उमटतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

६. निघण्याआधी एक चिठ्ठी लिहा
चालायचे बूट, पाण्याची बाटली आणि टोपी टेबलाखाली कायमची असू द्या. शोधाशोधीत दहा मिनिटं जातात आणि मग 'उद्या बघू' होतं. उठण्यापूर्वी परत आल्यावर करायचं पहिलं काम एका ओळीत लिहा. 'अहवाल' असं मोघम नको. 'तिसऱ्या पानावरची बेरीज तपासणे' असं नेमकं. चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवा, म्हणजे परतल्यावर मेल उघडायच्या आधी ती उचलावीच लागते.