मागच्या चाकाची तार सारखी तुटायची, ते कसं सुटलं

सायकलने काश्मीर ते कन्याकुमारी करायचंय म्हणून ठाण्यात घोडबंदर रोडला सामान लादून प्रॅक्टिस सुरू केली, आणि गायमुखच्या चढाला टण्ण! मागच्या चाकाची तार गेली. दुकानात नवीन टाकली, पुढच्या रविवारी येऊरला परत तेच. तिसऱ्यांदा नौपाड्यातल्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांकडे गेलो, त्यांनी तार वाजवून बघितली, एक टिंग एक ठप्प, म्हणाले अरे ताण सारखा नाहीये, सैल तार प्रत्येक फेरीला ढिली-घट्ट होते नि हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकात तुटते, एकेक बदलून काय होणार. मग चाक पूर्ण नवीन तारांनी विणून घेतलं, आऊट काढला, म्हणजे चाकाचा डुगडुगाट काढून ते सरळ केलं. चूक माझीपण होती म्हणा, १४ किलो सगळं मागच्याच कॅरियरवर! आता तंबू आणि पाणी पुढे.

त्यानंतर सहाशे किमी झाले, एकही तुटली नाही. तरी चार जादा तारा फ्रेमला टेपने चिकटवल्यात, चेनच्या बाजूच्या आखूड असतात म्हणून मापं बघून घ्या, आणि त्या बदलायला कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) काढायचा पाना लागतो, तो मी आधी घेतलाच नव्हता.