जलग्रहावरची वस्ती लिहिताना या चुका टाळा

जलग्रहावरच्या, म्हणजे सगळीकडे समुद्रच असलेल्या ग्रहावरच्या कथेत हमखास दिसणारी चूक म्हणजे पाणी आहे, तर मासळीही मुबलक असणार, असं धरून चालणं. पृथ्वीवरच बघा ना. मासळी दाट मिळते ती किनाऱ्यालगत, जिथे नद्या पोषक क्षार आणून टाकतात, किंवा जिथे तळाचं थंड पाणी वर येतं तिथे. भर समुद्रातलं निळंशार पाणी दिसायला देखणं, पण बहुतेक ठिकाणी ते वाळवंटच. जमीनच नसेल तर झिजायला खडक नाही, क्षार आणायला नदी नाही. त्यातून समुद्र शंभर-दोनशे किलोमीटर खोल केलात, तर तळाशी नुसत्या दाबानेच बर्फाचा थर धरतो आणि खालचा खडक पाण्यापासून तुटतो. मग वस्तीने खायचं काय?

उपाय आहे. समुद्र चार-पाच किलोमीटरच खोल ठेवा आणि तळाला जिवंत ज्वालामुखी द्या. १९७७ साली गॅलापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, अंधारात, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जीवसृष्टी सापडली होती. तुमची तरंगती वस्ती तळाचं क्षारांनी भरलेलं पाणी नळाने वर ओढून त्यावर शेवाळाची शेती करू शकेल.

प्राणी निवडतानाही घाई होते. कासवं, सील, समुद्रपक्षी सर्रास नेले जातात. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूवर सरपटत येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरते, शंभरेक अंडी घालून वाळू लोटते आणि परत फिरते. वाळूच नसेल तर तिचा वंश तिथेच संपला. महिनोन्‌महिने समुद्रावर काढणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्यालाही घरट्याला बेट लागतं. देवमासे न्या, पाण्यातच पिल्लं देणारे समुद्रसाप न्या. नाहीतर वाळूचे तराफे बांधा. मला तराफेच जास्त आवडतील, कारण ते सांभाळायला माणसं लागतात.

वादळाचं विसरू नका. चक्रीवादळ जमिनीवर आलं की मरतं. इथे त्याला अडवायला जमीनच नाही.

राहिला दाब. दर दहा मीटरला तो एका वातावरणाने, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. पाण्याच्या दाबातच राहणाऱ्या वस्तीतला माणूस एकदम वर आला, तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन मरतो. शंभर मीटरवरून सुखरूप यायला चार-पाच दिवस लागतात. वर तराफ्यावर आई शेवटच्या घटका मोजते आहे, खाली मुलगा दाबाच्या खोलीत बसलाय, आणि श्वासाच्या हवेत मिसळलेल्या हेलियममुळे चिरका झालेल्या आवाजात तिला फोनवर सांगतोय, "निघालोय गं."