व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या सहकाऱ्यासोबत काम करताना

मदत करण्याआधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. “मदत हवी का?” म्हणता म्हणताच खुर्ची ढकलली, तर विचारण्याला अर्थच उरत नाही. अचानक धक्क्याने तोल जातो, बोटं चाकात अडकतात. कुबड्या वापरणाऱ्याचा दंड धरणं त्याहून धोक्याचं, कारण त्यांचा भार हातांवरच असतो. कुठे धरायचं ते त्यांनाच सांगू द्या. कुबड्या ‘वाटेत येतात’ म्हणून कोपऱ्यात नेऊन ठेवू नका.

बोलणं लांबणार असेल तर समोर खुर्ची ओढून बसा. सतत मान वर करून बोलल्याने मान आखडते. सोबत मदतनीस असला तरी प्रश्न सहकाऱ्यालाच विचारा.

ये-जा करायची वाट किमान ९० सेंमी मोकळी हवी, वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची जागा. एकदा मोजून भागत नाही, कारण खोकी आणि जादा खुर्च्या नेमक्या तिथेच येऊन पडतात. रॅम्पचा उतार १:१२ ठेवा, म्हणजे १५ सेंमी पायरीला १८० सेंमी लांबी. आखूड फळी टाकली तर चढताना खुर्ची मागे कलंडू शकते.

सर्वांत जास्त दुखावतं ते “त्यांना झेपणार नाही” म्हणून दौरा किंवा जबाबदारी परस्पर दुसऱ्याला देणं. काम आधी त्यांच्यासमोर ठेवा. काय सोय लागेल ते तेच सांगतील.

आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही. तेव्हा बाहेर कसं पडायचं, कोण सोबत थांबेल, हे त्यांच्यासोबत बसून आधीच ठरवा आणि सरावातही त्यांना घ्या.